उशिरा पेरलेला वाटाणा

टेपबाईंच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला तेव्हा थंडी अजून पुरती गेली नव्हती. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, सहा आठवडे खाली वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, मातीत हात घालायचा नाही.

"आणि शिवण?"

"शिवणही नाही."

"मग मी करू काय?"

"बसा," डॉक्टर म्हणाले.

बसणं टेपबाईंना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे बेतले आणि शिवले होते. मोजायची टेप सतत गळ्यात असायची. "ताई अंघोळीहून आल्या की आधी टेप घालतात, मग बाकीचं," असं त्यांची धाकटी जाऊ म्हणायची. त्यावरूनच हे नाव पडलं होतं. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. राहिलं होतं ते शिवणयंत्र आणि घरामागची बाग.

बाग उतारावर होती. वरच्या अंगाला एक गल्ली, तिच्यात सहा घरं. गल्लीच्या खाली टेपबाईंची बाग, बागेच्या एका कडेला त्यांचं घर. आणि बागेच्या बरोबर खाली, उताराच्या पायथ्याशी, त्यांच्या दिराचं घर आणि सुतारकामाचा कारखाना. दीड वर्षापूर्वी दिरानं कारखाना वाढवला होता. मागचा उतार पुरुषभर उंचीचा उभा कापून त्यानं जागा काढली आणि विटांची भिंत घातली. भिंत नीटनेटकी होती. दिराच्या हातचं काहीच कधी वेडंवाकडं नसायचं.

सहा आठवडे टेपबाई खिडकीत बसून दुसऱ्यांच्या बागा हिरव्या होताना बघत राहिल्या. शेजारच्यांचे बटाटे वर आले, कांद्याच्या पाती वीतभर झाल्या. त्यांच्या वाफ्यांत नुसतं तण माजलं होतं.

सातव्या आठवड्याच्या पहिल्याच सकाळी त्या कुदळ घेऊन बाहेर पडल्या.

"अहो ताई, आता कुठं पेरता?" खालून धाकटी ओरडली. ती पहाटेपासून बेकरीत काम करायची आणि अकराच्या सुमाराला पिठाळलेल्या हातांनी घरी यायची. "वाटाण्याला शेंगा धरायच्या आत ऊन तापेल!"

"नाही पेरलं तर नक्कीच धरणार नाहीत," टेपबाई म्हणाल्या.

माती मऊ होती. जरा जास्तच मऊ. खुरपं लोण्यात जावं तसं मुठीपर्यंत आत गेलं. हिवाळ्यात पाऊस फार झालाय, म्हणून असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. बागेच्या एका टोकाला कुंपणाचा लोखंडी खांब होता, दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टाकीचा दगडी कोपरा. दोहोंमध्ये त्यांनी सुतळी ताणून बांधली आणि तिच्याखाली बरोबर बोटाबोटाच्या अंतरानं वाटाणा टोचला. त्याच्या खाली तशीच दुसरी सुतळी, तिथं गाजर. सगळ्यात खाली, कारखान्याच्या छपराजवळच्या कडेला सूर्यफूल आणि झेंडू लावायचा, तो पुढच्या आठवड्यात. त्या संध्याकाळी त्यांची कंबर धरली होती, पण जेवण गोड लागलं.

नवव्या दिवशी वाटाणा उगवला. कोंब बघायला टेपबाई हौसेनं गेल्या आणि सुतळीशी उभ्या राहिल्या.

दोन्ही टोकांना कोंब सुतळीच्या बरोबर खाली होते. मधले मात्र खाली उतरले होते. दोन बोटं. ओळीचं पोट सुटल्यासारखं दिसत होतं.

त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. चाळीस वर्षांत त्यांच्या हातची सरळ शिवण कधी वाकडी गेली नव्हती. त्यांनी टेप काढून मोजलं आणि आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला.

चार दिवसांनी ते अंतर चार बोटं झालं.

दुपारी दीर चहाला आला तेव्हा त्यांनी त्याला बागेत नेलं. दीर त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, हसरा माणूस. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा तो शाळेत होता आणि त्याची फाटकी चड्डी त्यांनीच शिवली होती.

"भाऊजी, हे बघा. ओळ सरकलीय."

त्यानं पाहिलं. एवढंच नाही, तर तो जरा जास्तच वेळ पाहत राहिला. मग हसला.

"वहिनी, डोळा नवा बसवलाय. नव्या रंध्याचंही तसंच असतं, हाताला बसेपर्यंत लाकूड वाकडंच दिसतं."

"टेपला पण मोतीबिंदू झालाय का?"

"पेरतानाच हात हलला असेल. सहा आठवडे बसून होतात." आणि त्यानं चहा अर्धाच ठेवून कप त्यांच्या हातात दिला.

 खरं सांगायचं तर त्यांना स्वतःचीच शंका आली होती. डोळ्यात प्लास्टिकचं भिंग घातलेल्या बाईनं सरळ-वाकड्यावरून किती भांडावं?

त्याच आठवड्यात त्या खाली धाकटीकडे गेल्या. धाकटीचे वडील, आप्पा, लेकीकडेच असायचे. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते चाकाच्या खुर्चीत नाहीतर पलंगावर. त्यांची खोली घराच्या मागच्या बाजूला, कापलेल्या उताराला लागून होती. आयुष्यभर पिठाच्या गिरणीत काम केलेला माणूस. बोलणं जड झालं होतं, पण कान शाबूत होते.

"ऐक," आप्पा टेपबाईंना म्हणाले आणि चांगला हात भिंतीकडे केला. "आत जातं फिरतंय."

टेपबाईंनी कान दिला. काही ऐकू आलं नाही.

"कोरडं फिरतंय," आप्पा म्हणाले. "दाणा न घालता फिरवलं की असं वाजतं. दगड खातो दगडाला. मालकाला सांगा, बंद करा."

"सकाळपासून हेच चाललंय," धाकटी हळूच म्हणाली. तिनं पापण्यांवरचं पीठ मनगटानं पुसलं. "आता गिरणीत गेलेत. संध्याकाळपर्यंत येतील परत."

टेपबाई निघाल्या तेव्हा खोलीचं दार लागेना. धाकटीनं खांदा लावून ते ओढलं. "ओलीनं फुगतंय मेलं," ती म्हणाली. "ह्यांनी दोनदा तासलं."

डोळे तपासायला डॉक्टरांकडे जायचा दिवस आला. डॉक्टरांनी बारीक चौकटी आखलेला एक कागद त्यांच्या समोर धरला.

"मधल्या ठिपक्याकडे बघा. रेघा कुठं वाकलेल्या दिसतात? कुठं तुटलेल्या?"

टेपबाईंनी मन लावून पाहिलं. "नाही. सगळ्या सरळ आहेत."

"नक्की?"

"माझा धंदाच तो आहे."

"मग डोळा उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "आता जे जसं आहे तसंच दिसेल तुम्हाला."

कुणीही खूश झालं असतं. टेपबाईंना मात्र वाटाण्याची ओळ आठवली. बसमध्ये त्या पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या, आणि आपला थांबा गेल्याचं त्यांना पुढच्या थांब्यावर कळलं.

घरी येताच त्या बागेच्या वरच्या टोकाला गेल्या, जिथं गल्लीची जागा संपते आणि झुडपांची रांग लागते. झुडपांच्या मुळाशी जमीन चिरली होती. चीर नवी होती, कडा अजून ओल्या. तळहात आत सहज जात होता. ती कुंपणाच्या जवळ सुरू होऊन टाकीच्या अलीकडे संपत होती, धनुष्यासारखी वळून. त्यांनी पाण्याची झारी आणून चिरेत ओतली. पाणी गेलं. दुसरी ओतली, तीही गेली. पाच झाऱ्या ओतल्या, आणि खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

वाटाण्याची ओळ सुतळीपासून वीतभर खाली आली होती. रोपं मात्र टवटवीत होती. त्यांना काहीच झालं नव्हतं.

रविवारी कारखाना बंद असायचा. टेपबाई गेल्या तेव्हा दीर एकटाच आत होता. दाराच्या मागं रंध्याच्या सालींचा ढीग पडला होता. मागच्या विटांच्या भिंतीला त्यानं पाणसळ लावली होती आणि वर खिळ्याला ओळंबा टांगला होता. ओळंब्याची दोरी वर भिंतीला टेकली होती. खाली शिशाचा गोळा भिंतीपासून चांगला चार बोटं सुटून लोंबत होता, म्हणजे भिंत वरून पुढं झुकली होती. टेपबाईंना बघून त्यानं तो काढायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

तो स्टुलावर बसला. "दारं अडकायला लागली तेव्हापासून. महिना झाला असेल."

"म्हणजे मी बागेत बोलावलं तेव्हा..."

"तेव्हा माहीत होतं."

"आणि मला म्हणालात डोळा."

 तो हातावरचा भुसा झटकत राहिला. हात केव्हाचे स्वच्छ झाले होते तरी झटकतच राहिला.

"उतार कापताना कुणाला विचारलं होतंत?"

"कुणाला विचारायचं? परवानगीला वर्ष लावतात. शेजारच्या त्यानं कापलाच होता ना, काही झालं नाही त्याला." मग एकदम आवाज उतरवून तो म्हणाला, "वहिनी, चार दिवस द्या. शाळेच्या खिडक्यांच्या चौकटी आहेत, गुरुवारी दुपारी गाडी भरून जाते. एकदा त्या गेल्या की मी स्वतः जाऊन सांगतो. सगळं सांगतो. आता सांगितलं तर उद्या येऊन कुलूप ठोकतील."

"आप्पा मागच्या खोलीत झोपतात."

"महिन्याभरात विटेचा टवका उडाला नाही. चार दिवसांत काय डोंगर पडतोय?"

टेपबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. केस पांढरे झाले होते, पण चेहरा चूक सापडल्यावरचा तोच होता, शाळकरी. त्यांना धाकट्या भावासारखा होता तो. नवरा गेला तेव्हा रात्रंदिवस तोच धावला होता. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि त्या म्हणाल्या,

"गुरुवार म्हणजे गुरुवार. पुढं एक दिवस नाही."

बाहेर धाकटी कपडे वाळत घालत होती. "काय हो, सुटीच्या दिवशी दीर-भावजयींची कसली मसलत?"

"पडद्यांचं माप," टेपबाई म्हणाल्या.

सोमवारी पाऊस लागला. मोठा नाही, बारीक, चिकट. टेपबाईंना घरात बसवेना आणि झोपही लागेना. मंगळवारी त्यांनी आप्पांना आपल्याकडे चार दिवस राहायला आणायची गोष्ट काढली, तर धाकटी हसली, "तुमच्या घराला अकरा पायऱ्या. खुर्ची काय तुम्ही डोक्यावर घेऊन चढणार?" तेव्हाच खरं सांगता आलं असतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण दिराला शब्द दिला होता, आणि मध्ये दोनच दिवस होते.

बुधवारी ओळ सुतळीपासून हातभर खाली होती.

गुरुवारी साडेअकराच्या सुमाराला पाऊस जरा थांबला. टेपबाई छत्री घेऊन वर गेल्या, आणि झुडपांपाशी त्यांचा पाय अधांतरी पडला. चिरेच्या खालची सगळी जमीन गुडघाभर खचली होती. काल सपाट होतं तिथं आता पायरी होती, आणि पायरीच्या तोंडाशी माती बारीक बारीक गळत होती, फाटक्या पोत्यातून धान्य गळावं तशी.

त्या पळाल्या. बासष्ट वर्षांच्या बाईनं ओल्या पायऱ्यांवरून पळू नये, पण त्या पळाल्या. कारखान्यात करवतीचं यंत्र चालू होतं. दिराला हाका ऐकू जाईनात. त्यांनी भिंतीवरचा मुख्य खटका खाली ओढला. यंत्र कण्हत बंद झालं. दिरानं वळून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही विचारावं लागलं नाही.

बंद यंत्राच्या शांततेत आवाज आला. भिंतीच्या आत दगडावर दगड घासत होता. आता कुणालाही ऐकू आला असता.

घरात धाकटी मागच्या खोलीचं दार दोन्ही हातांनी धडकावत होती. "उघडत नाहीये! आप्पा आत आहेत! अहो, उघडत नाहीये!"

दिरानं खांदा दिला. दार हललं नाही. चौकटच तिरकी होऊन दारावर बसली होती. तो पहार घेऊन आला आणि बिजागऱ्यांच्या बाजूनं घालू लागला. स्वतः जोडलेलं, स्वतः दोनदा तासलेलं दार तो फोडत होता आणि तोंडानं सारखं "आलो आप्पा, आलो" म्हणत होता. फळी फुटली. आतून गारवा आणि ओल्या मातीचा वास आला. आप्पा खुर्चीत ताठ बसले होते, मांडीवर चुन्याचे पोपडे.

दिरानं मागून खुर्ची धरली, दोघी जावांनी पुढून. रस्त्यापर्यंत चाळीस पावलं. शेवटची दहा टाकली तेव्हा मागं काहीतरी लांबलचक फाटल्यासारखं झालं, आणि मग खडीची गाडी रिकामी व्हावी तसा आवाज, जो थांबतच नव्हता.

धूळ उडाली नाही. सगळं ओलं होतं. कारखान्याचं छप्पर मधून दुमडलं, मागची खोली माती भरून फुटली, आणि टेपबाईंची बाग एकसंध घसरून खाली आली. मोडक्या छपरावर वाटाण्याची ओळ तशीच उभी होती, हिरवीगार, वाऱ्यावर हलत.

त्या सगळ्यांना शाळेच्या सभागृहात नेलं. सतरंज्या टाकल्या, चहा दिला. तासाभरानं पालिकेचा अभियंता आला. तरुण होता, बूट चिखलानं भरलेले, वही भिजलेली.

"हे हलायला लागलंय असं पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

"आज सकाळी," दीर म्हणाला.

अभियंत्यानं लिहून घेतलं. "त्याआधी काही नाही? चिरा, दारं अडकणं?"

"नाही."

"बरं. अचानक बसलं असेल तर बहुतेक आता थांबेल. वरच्या गल्लीचा रस्ता बंद ठेवतो. घरांचं उद्या बघू."

वरच्या गल्लीत सहा घरं. तेवीस माणसं, दोन तान्ही मुलं. टेपबाईंना सगळ्यांची मापं पाठ होती. धाकटी शेजारीच बसली होती, आप्पांच्या केसांतला चुना काढत. दीर टेपबाईंकडे बघत होता. डोळ्यांनी विनवत होता असंही नाही, नुसता बघत होता.

"साहेब," टेपबाई म्हणाल्या, "पंधरा दिवस झाले."

अभियंत्याचा हात थांबला.

"मी वाटाणा पेरला, नवव्या दिवशी ओळ दोन बोटं खाली सरकली होती. तेराव्या दिवशी चार. अठराव्याला वीत. काल हातभर. आज सकाळी वरच्या झुडपांपाशी गुडघाभर खचलं. चीर गल्लीकडे वळत होती. आणि खालचा उतार दीड वर्षापूर्वी उभा कापलाय, पुरुषभर."

अभियंता उठला तेव्हा त्याची खुर्ची मागं पडली. ती न उचलता तो फोन कानाला लावून बाहेर गेला. "सगळी गल्ली," असं त्याचं बोलणं ऐकू आलं. "आत्ता. उद्या नाही, आत्ता."

दीरही उठला. कुणाकडे न बघता दाराबाहेर गेला.

धाकटीचा हात आप्पांच्या केसांत होता तिथंच राहिला होता.

"रविवारी," ती म्हणाली. "पडद्यांचं माप."

"हो."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं."

"हो."

"आणि आप्पा त्या खोलीत झोपत होते. मंगळवारी मी तुम्हाला हसले. तेव्हा तरी सांगायचं होतंत, ताई."

"सांगायला हवं होतं," टेपबाई म्हणाल्या. 

धाकटी ओरडली नाही, रडलीही नाही. तिनं खुर्चीचा खटका सोडला आणि आप्पांना ढकलत सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेली.

संध्याकाळपर्यंत वरच्या गल्लीतली माणसं आली. गाठोडी, डबे, एक पिंजरा, झोपलेली पोरं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गल्लीतली चार घरं एकामागून एक खाली गेली. आत कुणी नव्हतं. एक म्हातारी टेपबाईंचे हात धरून रडली, "तुझ्यामुळं वाचलो गं बाई." टेपबाईंनी हात सोडवून घेतले. समोरच्या टोकाला धाकटी पाठ करून आप्पांना भरवत होती. दिराचा पत्ता नव्हता. कुणीतरी म्हणालं, तो पालिकेच्या कचेरीत बसलाय, काल दुपारपासून, सगळं लिहून देतोय.

चारच्या सुमाराला अभियंता पुन्हा आला. दाढी वाढली होती. त्यानं शिक्षकाच्या टेबलावर चढून सगळ्यांना गप्प केलं.

"घाबरू नका, पण आवरायला घ्या," तो म्हणाला. "ते थांबलेलं नाही. या रस्त्याच्या खालीही चीर गेलीय. शाळा रिकामी करायचीय."

 मग एकदम सगळीकडे सतरंज्या गुंडाळल्या जाऊ लागल्या, पोरं रडू लागली, नावांच्या हाका सुरू झाल्या. शाळेच्या दाराशी चार उंच पायऱ्या होत्या. धाकटी खुर्ची घेऊन त्यांच्या वरच्या टोकाला एकटी उभी होती, कुणी मदतीला येतंय का बघत. सगळे आपापलं सामान घेऊन तिच्या बाजूनं उतरत होते.

टेपबाई गेल्या आणि खुर्चीची पुढची बाजू धरली. धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्यामागच्या पायऱ्यांकडे.

"उलट्या उतरताय," ती रुक्षपणे म्हणाली. "बघून पाय टाका."

पायऱ्या उतरताना टेपबाईंच्या टाचेखाली दगड किंचित हलला. त्यांनी तसं लगेच, मोठ्यानं सांगितलं.